बाबांचं कॉलेज, मुलीचा अर्ज

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. यजमान कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून बी. ई. झाले आणि 1999 मध्ये इथल्या एका आयव्ही लीग, म्हणजे आठ जुन्या नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातल्या, विद्यापीठात एम. एस.ला आले. कर्ज काढून आले होते, ओळखीचं कुणी नव्हतं. आमची थोरली यंदा बारावीत जाईल. ग्रेड्स चांगल्या आहेत, एसएटी या प्रवेश परीक्षेत 1600 पैकी 1530 गुण आहेत, शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये आहे, आणि शनिवारी गावातल्या लायब्ररीत लहान मुलांना गणित शिकवते. तिने आपल्याच विद्यापीठात ‘अर्ली डिसिजन’ने, म्हणजे निवड झाली तर तिथेच जायचं अशा बांधिलकीने, लवकर अर्ज करावा अशी यजमानांची फार इच्छा आहे. तिथे ‘लेगसी’ म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप मिळतं म्हणे. आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक स्नेही म्हणाले, नुसती लेगसी असून भागत नाही, आतापासून दरवर्षी चार-पाच हजार डॉलर देणगी द्यायला लागा.

मागच्या रविवारी जेवताना हा विषय निघाला आणि मुलगी अर्ध्या ताटावरून उठली. म्हणाली, “बाबा, तुला तुझ्या वडिलांमुळे ॲडमिशन मिळाली होती का? मग मला का हवी?” यजमान काहीच बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, “मी कमावलं ते पोरीला द्यायचं नाही, तर कुणाला द्यायचं?” मला दोघांचंही पटतं आणि दोघांच्या मध्ये उभं राहून मी दमले आहे. त्यांच्या एम. एस.चा खरंच उपयोग होतो का? देणगी द्यावी का? आणि मुलीला काय सांगू?

– एक आई, न्यू जर्सी

नमस्कार.

तुमच्या घरात जे चाललं आहे ते सध्या अमेरिकेतल्या पुष्कळ मराठी घरांत चाललं आहे, फक्त मुली ताटावरून उठत नाहीत. तुमची उठली याचं मला कौतुक वाटतं. पण तिच्याकडे मी शेवटी येते. आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण त्याचं उत्तर कदाचित उरलेला वाद निम्म्यावर आणील.

यजमानांची पदवी ‘लेगसी’ म्हणून धरली जाते की नाही, हे आधी तपासा. बहुतेक घरांत हे कुणी तपासतच नाही. लेगसीची व्याख्या प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते. प्रवेश देताना वंशाचा विचार होतो म्हणून हार्वर्डवर भरलेला खटला न्यायालयात चालला तेव्हा तिथली पद्धत सगळ्यांना कळली. आई किंवा वडील हार्वर्ड कॉलेजात, म्हणजे पदवीच्या अभ्यासक्रमाला असतील, तरच ते मूल लेगसी. बिझनेस स्कूलमधून किंवा मास्टर्स करून गेलेल्यांच्या मुलांना तो शिक्का मिळत नाही. स्टॅनफर्ड मात्र पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही धरतं. कुठे आजी-आजोबासुद्धा चालतात, कुठे फक्त आई-वडील. आपली बहुतेक मंडळी बी. ई. भारतात करून मास्टर्सला इथे आली. त्यामुळे ज्या ‘हक्का’वरून घरात तट पडले आहेत, तो हक्क मुळात अस्तित्वातच नाही, असंही तुमच्या बाबतीत निघू शकतं. विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींची ईमेल करा, उत्तर येतं.

दुसरी तपासणी घरबसल्या होते. जवळजवळ प्रत्येक विद्यापीठ दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करतं. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलंत की पीडीएफ सापडते. त्यात ‘सी 7’ नावाचा तक्ता आहे. डाव्या बाजूला निकषांची यादी असते: शाळेतल्या ग्रेड्स, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत, स्वभाव, आणि त्यातच एक ओळ माजी विद्यार्थ्यांशी असलेल्या नात्याची. पुढे चार रकाने: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. त्या ओळीपुढची फुली कुठल्या रकान्यात आहे ते मुलीच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजसाठी बघा. मंडळातल्या दहा स्नेह्यांच्या सल्ल्यापेक्षा ही एक फुली जास्त खरं सांगते.

आता समजा, एम. एस. धरलं जातं आणि फुलीही ‘विचारात घेतो’मध्ये आहे. मग फायदा किती?

खोटा धीर देत नाही आणि खोटी भीतीही घालत नाही: फायदा मोठा असतो. हार्वर्डच्या खटल्यात बाहेर आलेल्या सहा वर्षांच्या आकड्यांत लेगसी अर्जदारांपैकी साधारण 33 टक्के मुलं निवडली गेली होती. बाकीच्यांत हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपास होतं. यावर विद्यापीठं नेहमी म्हणतात की ही मुलं शिकलेल्या घरांतून आलेली असतात, त्यामुळे मुळातच तयारीची असतात. 2023 च्या जुलैत राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. आठ आयव्ही लीग आणि एमआयटी, स्टॅनफर्ड, ड्यूक, शिकागो अशा बारा विद्यापीठांच्या नोंदी आणि पालकांची प्राप्तिकराची माहिती त्यांनी एकत्र ठेवून पाहिली. परीक्षेचे गुण सारखे असताना लेगसी अर्जदाराला प्रवेश मिळण्याची शक्यता इतरांच्या जवळपास चौपट निघाली. तीच मुलं जिथे आई-वडील शिकले नव्हते अशा तितक्याच नामांकित विद्यापीठांत अर्ज करीत, तेव्हा तिथे त्यांना इतरांपेक्षा फारसे जास्त प्रवेश मिळत नव्हते. तयारीचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

मात्र आकड्यांची दुसरी बाजू यजमानांना जरूर दाखवा. ज्या हार्वर्डमध्ये लेगसीला इतकं वजन होतं, तिथेही लेगसीच्या तीन मुलांतली दोन परत जात होती. लेगसी असली म्हणजे जागा राखून ठेवलेली असते, हा समज आपल्याकडच्या मॅनेजमेंट कोट्यावरून आलेला असावा. इथे तसं नसतं. अर्ज वाचणाऱ्या समितीपुढे जवळपास सारखीच ताकद असलेले पाच अर्ज असतात आणि त्यातला एक पुढे सरकवायला हे कारण वापरलं जातं. तुमच्या मुलीच्या गुणांवरून ती त्या पाचांत येऊ शकते. पुढचं तुमच्या, तिच्या किंवा यजमानांच्या हातात नाही.

देणगीचा प्रश्न लवकर मिटवते: नको. स्नेही मनापासून सांगत असतील, पण ही माहिती चुकीची आहे. हार्वर्डच्या खटल्यात ‘डीन्स इंटरेस्ट लिस्ट’ नावाची वेगळी यादी असते हे उघड झालं, आणि त्या यादीच्या संदर्भात जे ईमेल न्यायालयात वाचले गेले त्यांत इमारत बांधून देण्याचं कबूल केलेल्या देणगीदारांचा उल्लेख होता. त्या पातळीवर चार-पाच हजार डॉलर ही मोजण्याची रक्कमच नाही. वर्षभर आधी अचानक सुरू झालेली देणगी कशासाठी आहे हेही त्यांना कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची मुलगी हे बघते आहे. तिच्या नावाचं पत्र आलं, तर त्यात आपलं किती आणि बाबांच्या चेकचं किती, हा हिशोब ती आयुष्यभर मनात करत राहील. यजमानांना विद्यापीठाचं ऋण वाटत असेल तर ते खरं आहे, ते फेडावं. पण मुलीचा निकाल लागून गेल्यावर, आणि तेही गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीला. नाहीतर कराडला पाठवा. तिथे त्याच पैशांत एखाद्या मुलाची वर्षाची फी आणि मेस दोन्ही भागेल.

आता मुलीकडे येते.

तिने विचारलेला प्रश्न उद्धट नाही. अमेरिकेत हा प्रश्न गेली काही वर्षं संसदेपासून न्यायालयापर्यंत विचारला जातो आहे, आणि हळूहळू तिच्या बाजूने निकाल लागतो आहे. त्यामागचा इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा, म्हणजे तिच्याशी बोलताना तुम्ही नुसत्या आईच्या काळजीने बोलणार नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली मोठी कॉलेजं प्रवेश परीक्षेवर मुलं घेत. परीक्षा पास झालात की जवळपास प्रवेश ठरलेला. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची दुसरी पिढी शाळेतून बाहेर पडत होती. आई-वडील शिवणकाम करणारे, फेरीवाले, छोटे दुकानदार. मुलं अभ्यासात जबरदस्त. ती परीक्षा पास होऊन कोलंबियात, हार्वर्डमध्ये येऊ लागली आणि जुन्या घराण्यांना ते खुपलं. 1919 च्या सुमारास कोलंबियाने नवा अर्ज काढला. त्यात धर्म विचारला होता, वडिलांचं जन्मस्थान विचारलं होतं, फोटो मागितला होता, मुलाखत ठेवली होती. डार्टमथने 1922 मध्ये निवडीची नवी पद्धत आणली आणि तिच्यात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना उघड प्राधान्य दिलं. येलने 1925 मध्ये ठरवलं की विद्यार्थिसंख्येवर मर्यादा घातली तरी तिच्यामुळे येलच्या पदवीधराचा पात्र मुलगा बाहेर राहता कामा नये. ‘तुझा बाप इथे होता का?’ हा प्रश्न अशा काळात अर्जावर आला. ज्यांचे बाप तिथे असणं शक्यच नव्हतं, त्यांना बाहेर ठेवण्याचा तो एक मार्ग होता.

त्याच कोलंबियात 1913 मध्ये सुभेदार रामजींचा मुलगा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकायला आला होता. 1915 मध्ये एम. ए. झाला. भीमराव आंबेडकर पदव्युत्तर विभागात होते आणि कॉलेजचा तो नवा अर्ज ते गेल्यावर, पदवीच्या मुलांसाठी निघाला, त्यामुळे दोन गोष्टींची सरळ सांगड मी घालत नाही. पण वडील कोण, जन्म कुठला, या प्रश्नांनी शाळेच्या वर्गात कुणाला कुठे बसवलं जातं हे महाराष्ट्राला कुणी नव्याने सांगायला नको. तुमच्या मुलीला हा धागा आवडेल असं मला वाटतं. तिला सांगा.

आणि आजचे आकडे त्याच इतिहासाची सावली घेऊन येतात. अर्थशास्त्रज्ञ पीटर आर्सिडियाकोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डच्या खटल्यातल्या नोंदींवरून दाखवलं की निवडल्या गेलेल्या गोऱ्या मुलांपैकी 43 टक्क्यांहून जास्त मुलं खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या यादीतली किंवा प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं होती. आशियाई, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांत हेच प्रमाण 16 टक्क्यांच्या आत होतं. याच खटल्यात 29 जून 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी घातली, पण वडिलांच्या पदवीचा विचार करायला बंदी घातली नाही. त्या निकालात बहुमताच्या बाजूचे न्यायमूर्ती गॉर्सच यांनीसुद्धा वेगळ्या मतपत्रात या सवलतींवर टीका केली. जॉन्स हॉपकिन्सने त्याच्या आधीच, 2014 पासून, लेगसी बंद केली होती. तिथे 2009 मध्ये 12.5 टक्के विद्यार्थी लेगसीचे होते, 2019 पर्यंत ते 3.5 टक्क्यांवर आले. त्याच दहा वर्षांत गरीब कुटुंबांतल्या, सरकारच्या पेल ग्रँटला पात्र असलेल्या मुलांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 19 टक्क्यांच्या पुढे गेलं. विद्यापीठाचा दर्जा तसूभरही खाली आला नाही. पुढे 2021 मध्ये ॲम्हर्स्ट कॉलेजने आणि 2023 मध्ये वेस्लियन विद्यापीठानेही ही पद्धत सोडली.

राज्यांनीही कायदे केले. कोलोरॅडोने 2021 मध्ये सरकारी विद्यापीठांत लेगसी बंद केली. 2024 मध्ये व्हर्जिनिया आणि इलिनॉयने तेच केलं. मेरीलँड आणि कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी खासगी विद्यापीठांनाही कायद्याखाली घेतलं. कॅलिफोर्नियाचा कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला. त्यावर स्टॅनफर्डने लेगसी चालू ठेवायची म्हणून राज्य सरकारच्या, गरजू विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या कॅल ग्रँट योजनेतूनच बाहेर पडायचं ठरवलं आणि त्या मुलांची मदत स्वतःच्या तिजोरीतून देऊ असं सांगितलं. एवढी किंमत मोजून जी गोष्ट राखायची असते ती क्षुल्लक नसते, हे यावरून कळतं.

आता एक गोष्ट सांगते जी आपल्या लोकांच्या बैठकीत मी वारंवार ऐकते: “इतकी वर्षं गोऱ्यांच्या मुलांनी फायदा घेतला आणि आता आपली मुलं लेगसी व्हायला लागली तर लगेच बंद?” ही तक्रार पोकळ नाही. नव्वदच्या दशकात आलेल्या आपल्या पिढीची मुलं आत्ता कुठे त्या रांगेत उभी राहत आहेत. कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांतही हाच विचार बोलला जातो. तरीही मला तो मान्य नाही. आपल्याला ज्या दाराबाहेर उभं केलं, ते दार आपल्या ताब्यात आल्यावर आपण दुसऱ्याच्या तोंडावर लावायचं, याला हक्क म्हणता येत नाही. आज लातूरहून किंवा बीडहून कर्ज काढून येणाऱ्या मुलाचं पोर उद्या इथे अर्ज करील. गावातल्या लायब्ररीत तुमची मुलगी ज्यांना गणित शिकवते त्यांतलं कुणी करील. लेगसी नावाची जागा त्यांच्यातल्या कुणाच्या तरी हातून जाते. मला ही पद्धत अन्यायाची वाटते आणि ती जावी असं मनापासून वाटतं.

म्हणून काय, तुमच्या मुलीने बाबांची पदवी लपवायची? नाही. इथे मात्र मी तिच्याशी थोडी असहमत आहे आणि हे तिला तुम्ही वाचून दाखवलंत तरी चालेल.

‘कॉमन ॲप’, म्हणजे बऱ्याच कॉलेजांचा मिळून एकच असलेला ऑनलाइन अर्ज, उघडून कुटुंबाचा भाग बघा. पालकाचं शिक्षण कुठवर झालं, कुठल्या कॉलेजात, किती पदव्या, कुठली पदवी, कोणत्या वर्षी, हे सगळं तिथे विचारलेलं असतं. अर्जाच्या शेवटी ही माहिती खरी आहे अशी सही तिला करायची असते. तेव्हा ती खरीच लिहायची, कराडचं बी. ई. आणि इथलं एम. एस. दोन्ही. हाच रकाना उलट दिशेनेही कामाला येतो: ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जातं आहे ती मुलं कॉलेजला यातूनच ओळखता येतात. त्यामुळे तो भरण्यात काहीही गैर नाही. काही विद्यापीठांच्या पुरवणी अर्जात ‘तुमचं कुणी नातेवाईक इथे शिकलं आहे का’ असा वेगळा प्रश्न असतो. तो ऐच्छिक असेल आणि तिला नको असेल तर तिने तो कोरा सोडावा. तो तिचा अधिकार आहे आणि यजमानांनी त्यावर शब्द बोलू नये. एक मात्र कटाक्षाने पाळा: ‘हेच कॉलेज का’ या निबंधात बाबांच्या आठवणी, बाबांची हॉस्टेलची खोली, लहानपणी पाहिलेलं कॅम्पस यातलं काही येऊ देऊ नका. तिथे लॅबचं नाव यावं, एखाद्या कोर्सचं यावं, तिला तिथे काय बनवायचं आहे ते यावं.

खरा निर्णय अर्ली डिसिजनचा आहे, कारण लेगसी वापरायची की नाही हे तिथे ठरतं. माहिती भरणं वेगळं आणि आपला एकमेव बांधील अर्ज त्या आशेवर लावणं वेगळं. तेव्हा मुलीला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर यायला आठवडाभर द्या: बाबा दुसरीकडे कुठे शिकले असते, तर हे विद्यापीठ तुझ्या यादीत पहिलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर तिने खुशाल अर्ज करावा आणि मनात कुठलाही अपराध ठेवू नये. ही पद्धत तिने तयार केलेली नाही. सतरा वर्षांच्या मुलीने सगळ्या व्यवस्थेचं ओझं आपल्या अर्जावर घ्यावं अशी अपेक्षा मी करणार नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर विषय तिथे संपवा. रोबोटिक्सची आवड असलेल्या मुलीला जागा कमी नाहीत, आणि त्यातल्या काही तिच्या तत्त्वातही बसतात. एमआयटी, कॅलटेक, कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स इथे वडिलांची पदवी मोजली जात नाही. तिथे प्रवेश सोपा आहे असं मी म्हणत नाही, अतिशय अवघड आहे. पण तिथून पत्र आलं तर तिच्या मनात शंका राहणार नाही, आणि तिच्यासारख्या मुलीला याची किंमत मोठी असते.

रटगर्सचं, म्हणजे तुमच्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाचं, नाव यादीत शेवटी ‘पडलं तर’ म्हणून लिहू नका. वर सांगितलेल्या चेट्टींच्या अभ्यासातच आहे की बारा विद्यापीठांपैकी एकात गेल्याने, राज्याच्या चांगल्या सरकारी विद्यापीठात गेलेल्या तशाच मुलाच्या तुलनेत, सरासरी कमाईत म्हणावा असा फरक पडत नाही. फरक पडतो तो अगदी वरच्या टोकाला: सर्वाधिक कमावणाऱ्या 1 टक्का लोकांत जाण्याची शक्यता साधारण दीडपट होते, मोठ्या नावाच्या कंपन्यांचे दरवाजे जास्त सहज उघडतात. तुमच्या मुलीला ते हवं आहे का, हे तिला विचारा. मला तिच्या वर्णनावरून ती वेगळ्या वळणाची वाटते.

यजमानांबद्दल दोन शब्द. “पोरीला द्यायचं नाही, तर कुणाला?” हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यामागे कर्ज काढून आलेला, पहिल्या हिवाळ्यात कुणी ओळखीचं नसलेला मुलगा आहे. त्याला वाटतं, आपण सोसलेल्या एकटेपणाचं काहीतरी चीज व्हावं. त्यांना कुणी स्वार्थी म्हणू नये, मुलीनेही नाही. पण त्यांनी जे कमावलं ते तिला आधीच मिळालेलं आहे. चांगल्या शाळांचं गाव, रोबोटिक्सची टीम, एसएटीची तयारी, घरात इंजिनिअर बाप, आणि अन्याय दिसला की तोंडावर विचारण्याचं धाडस. हे शेवटचं तिने कुठून घेतलं असं त्यांना वाटतं? त्या रात्री ते गप्प बसले, पण आता त्यांनी बोलायला हवं. कराडहून निघण्याआधी बँकेत किती फेऱ्या मारल्या, व्हिसाच्या रांगेत काय झालं, पहिल्या सत्रात काय खाऊन राहिले, हे सगळं तिला एकदा सविस्तर सांगायला सांगा. तिने ते तुकड्यातुकड्यांत ऐकलं असेल. अर्जाचा विषय न काढता सांगायचं.

आणि त्यांना विद्यापीठासाठी काही करायचं असेल, तर माजी विद्यार्थी म्हणून त्यांच्या हातात एक गोष्ट आहे जी मुलीच्या हातात नाही. विद्यापीठं लेगसीचं समर्थन करताना नेहमी माजी विद्यार्थ्यांचं नाव पुढे करतात, त्यांची निष्ठा टिकते, देणग्या येतात, असं म्हणतात. काही विद्यापीठांच्या माजी विद्यार्थ्यांनी यावर ‘लेगसी बंद होईपर्यंत देणगी नाही’ अशी मोहीम चालवली आहे. यजमानांनी मोहीम चालवावी असं नाही. पण माझ्या नावावर माझ्या मुलीला झुकतं माप नको, असं विद्यापीठाच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिलं, तर ते त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर होईल. मुलीच्या निकालानंतर लिहिलं तरी चालेल. लिहावंसं वाटलं तरच.

राहिला पैशाचा भाग, ज्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत आणि ज्यावर सगळ्यात आधी बोलायला हवं होतं. अर्ली डिसिजनचा अर्ज बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबरपर्यंत जातो, निकाल डिसेंबरच्या मध्यावर येतो, आणि निवड झाली तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. दुसऱ्या कॉलेजची मदत बघून तुलना करायची सोय राहत नाही. मिळालेली मदत खरोखरच अपुरी असेल तर बांधिलकीतून सोडवून घेता येतं, पण त्या वादात डिसेंबर जातो. धाकट्या भावंडाच्या कॉलेजला किती वर्षं उरली आहेत, घराचा हप्ता किती उरला आहे, सांगलीला की कराडला सासू-सासऱ्यांचा औषधपाण्याचा खर्च तुम्ही बघता का, हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो. उत्पन्न, बचत, घरातल्या माणसांची संख्या टाकली की तुम्हाला साधारण किती भरावं लागेल ते कळतं. यजमानांचं विद्यापीठ, मुलीची दोन आवडती कॉलेजं आणि रटगर्स, या चौघांचे आकडे या शनिवारी तिघांनी एकत्र बसून काढा. मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न जवळ ठेवा. मुलीला स्वतः टाइप करू द्या.